संगणकीय टिपणांची पाठपरंपरा

संगणकास द्यावयाच्या आज्ञा ज्या कृत्रिम भाषांत लिहिल्या जातात, त्यांतील मोठ्या रचनांचा, म्हणजे संपूर्ण आज्ञावलींचा, इतिहास आता पुष्कळसा उपलब्ध आहे. कोणती आज्ञावली कोणत्या संस्थेत, कोणी व केव्हा रचिली, याविषयी ग्रंथ आहेत, आठवणी आहेत, मुलाखतीही आहेत. परंतु याच व्यवसायात लेखनाचा आणखी एक प्रकार प्रारंभापासून रूढ आहे. चार-दहा ओळींचा आज्ञांचा तुकडा, त्याच्या शेजारी अथवा खाली त्याचे प्रयोजन सांगणारे एखाददुसरे वाक्य, आणि क्वचित कर्त्याचे नाव, एवढाच त्याचा विस्तार असतो. एका आज्ञावलीकाराने तो दुसऱ्यास द्यावा, दुसऱ्याने तिसऱ्यास, अशा रीतीने तो हिंडत राहतो. त्याला मुखपृष्ठ नसते, प्रस्तावना नसते, आणि पुष्कळदा तारीखही नसते. प्रस्तुत लेखात या प्रकारास 'टिपण' असे म्हटले असून, एका हातून दुसऱ्या हाती जाताना त्यातील काय टिकते व काय गळते याचा विचार केला आहे.

अशा टिपणाचे भाषिक वैशिष्ट्य हे की, त्याचे श्रोते दोन असतात. आज्ञांचा भाग यंत्रासाठी असतो. त्यात एक चिन्ह चुकले तर यंत्र अडते किंवा चुकीचे उत्तर देते, म्हणून नक्कल करणारा तो भाग जपून उतरवितो. भाष्याचा भाग माणसासाठी असतो. विशिष्ट खुणेमागून येणारा हा मजकूर यंत्र वाचीतच नाही. तो राहिला, बदलला किंवा नाहीसा झाला तरी आज्ञावलीच्या चालण्यात फरक पडत नाही. हस्तलिखित पोथ्यांच्या अभ्यासकांस येथे काहीसा उलटा प्रकार दिसेल. पोथीत लेखकप्रमादाने पाठ बिघडतो, पण अखेरीस लेखनिकाचे नाव, गाव व शक पुष्कळदा शाबूत सापडतो. संगणकीय टिपणात पाठ अक्षरश: शाबूत राहतो आणि कर्त्याचे नाव, रचनेचा हेतू व वापराची मर्यादा वाटेत गळून पडतात. मर्यादा गळल्याने चुका पसरतात, नाव गळल्याने श्रेय भलत्याच्या पदरी पडते. या दोन्ही परिणामांची उदाहरणे पुढे यावयाची आहेत.

या परंपरेचा आरंभ केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत पाहावयास मिळतो. तेथील 'एडसॅक' या यंत्रावर पहिली आज्ञावली ६ मे १९४९ रोजी चालली. वर्गमूळ काढणे, संख्या छापणे यांसारखी कामे प्रत्येक आज्ञावलीत पुन:पुन्हा लागतात, तेव्हा ती एकदाच नीट लिहून ठेवावीत व हवी तेथे जोडावीत, हा विचार तेथे लवकरच मूळ धरून बसला. असे तयार तुकडे, ज्यांस 'सबरूटीन' हे नाव पडले, कागदी फितींवर छिद्ररूपाने ठेवले जात. १९५१ पर्यंत या संग्रहात ८७ तुकडे जमा झाले होते, आणि त्याच वर्षी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांनी त्यांच्या वर्णनांसह एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आज्ञावली-लेखनावरील हा पहिला पाठ्यग्रंथ मानला जातो. व्हीलर यांनी १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत वाचलेल्या छोट्या निबंधात एक मार्मिक निरीक्षण आहे. तुकडा रचून व तपासून झाला तरी काम संपत नाही. ज्यास त्याची आतील रचना ठाऊक नाही त्यालाही तो वापरता यावा असे वर्णन लिहिणे उरतेच, आणि कदाचित हेच काम सर्वांत अवघड ठरते, असे त्यांनी म्हटले आहे. यंत्राचा श्रोता व मनुष्य श्रोता यांतील भेद या विषयाच्या पहिल्या पिढीला पुरता उमगला होता, याचा हा पुरावा होय.

केंब्रिजला टिपण, टिपणकार व वापरणारा हे तिघेही बहुधा एकाच इमारतीत असत. शंका आली तर जिना चढून विचारता येई. यंत्रे वाढली तसा हा निकटपणा संपला आणि त्याची जागा भरून काढण्यासाठी काही पद्धती निर्माण कराव्या लागल्या. त्यांतील सर्वांत सुव्यवस्थित पद्धती अमेरिकेतील संगणकविषयक विद्वत्संस्थेच्या 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकाने १९६० साली घालून दिली. जोसेफ वेगस्टाइन यांच्या संपादनाखाली त्यात एक स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि 'आल्गॉल' भाषेत लिहिलेली लहान लहान टिपणे अनुक्रमांक देऊन छापली जाऊ लागली. जुलै १९६१ च्या अंकात ६४ व्या क्रमांकावर सी. ए. आर. होअर यांचे 'क्विकसॉर्ट', म्हणजे यादी क्रमवार लावण्याची जलद रीत, प्रसिद्ध झाले. पुढे या रीतीवर जेवढे लेखन झाले त्याच्या मानाने मूळ टिपण अगदी थोडक्या ओळींचे आहे.

या विभागाची खरी महत्ता त्याच्या 'प्रमाणनां'त आहे. दुसऱ्या एखाद्या वाचकाने छापलेले टिपण आपल्या यंत्रावर चालवून पाहावे, ते चालते किंवा कसे, कोठे दुरुस्ती लागली, हे कळवावे आणि मासिकाने ते मूळ क्रमांकाचा उल्लेख करून छापावे, अशी ही रीत होती. होअर यांच्या ६३, ६४ व ६५ या तीन टिपणांचे प्रमाणन ऑगस्ट १९६२ मध्ये छापून आले. त्याचबरोबर विभागात एक सूचना असे: टिपण कोणीही विनामूल्य पुन्हा छापावे, परंतु ते प्रकाशनात वापरताना कर्त्याचा व मासिकाच्या अंकाचा निर्देश अवश्य करावा, अचूकतेची हमी मात्र कोणी देत नाही. टिपणाबरोबर नाव, क्रमांक, परीक्षकाचा अभिप्राय आणि वापराची अट ही चारही बांधून पाठविण्याचा हा प्रयत्न होता. छापील मासिकाच्या शिस्तीत तो शक्य झाला. पण तेवढ्याच प्रमाणात तो मंदही होता. ज्यास आज रात्री अडचण सोडवावयाची आहे, तो पुढील अंकाची वाट पाहत नाही.

म्हणून शिस्तीच्या शेजारीच एक मोकळी परंपराही वाढली. एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी संगणकांच्या जोडणीविषयीची जी टिपणमाला सुरू केली तिच्या तिसऱ्याच टिपणात, लेखन अर्धवट असले तरी चालेल, एका वाक्याचे असले तरी चालेल, असे मुद्दाम सांगितले आहे. लिहिलेले ते पक्के ठरते या समजुतीने लोक लिहावयास कचरतात, तो संकोच मोडणे हा त्यामागचा हेतू होता. या मालेस क्रमांक होते, लेखकांची नावे होती आणि पुढे अनेक वर्षे जॉन पोस्टेल यांच्यासारखा दक्ष संपादकही लाभला. तिचा इतिहास स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

प्रस्तुत दृष्टीने अधिक उद्बोधक संग्रह मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतून २९ फेब्रुवारी १९७२ रोजी निघाला. मायकेल बीलर, विल्यम गॉस्पर व रिचर्ड श्रोएपल यांनी सिद्ध केलेल्या या २३९ व्या अंतर्गत ज्ञापनात १९१ नोंदी आहेत. तो 'हॅकमेम' या नावाने ओळखला जातो; तेथील यंत्रावर फाइलीच्या नावास सहाच अक्षरे चालत, म्हणून हे आखूड नाव. गणितातील कोडी, परंपरित अपूर्णांक, यंत्राच्या चमत्कारिक खोड्या आणि आज्ञांचे मोजके तुकडे असा त्याचा संमिश्र मजकूर आहे. प्रास्ताविकात संपादकांनी मोठ्या सरळपणाने कबूल केले आहे की, यांपैकी फारसे नवीन नसावे, परंतु नवे कोणते व जुने कोणते हे ठरविणेच आताशा कठीण झाले आहे. आणि वाचकांनीही नवी-जुनी भर पाठवावी. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केल्यावर एकनाथांनी तीत कोणी आपली ओवी मिसळू नये म्हणून बजावले होते. येथे संपादक स्वत:च प्रक्षेपांस आमंत्रण देतात. दोन्ही भूमिका आपापल्या ठिकाणी योग्य आहेत, पण दुसऱ्या भूमिकेतून निपजलेल्या ग्रंथाची पाठचिकित्सा निराळ्या रीतीने करावी लागेल हे उघड आहे.

या संग्रहातील १६९ वी नोंद विशेष प्रसिद्ध आहे. एका शब्दातील ३६ बिटांपैकी किती बिट 'एक' आहेत हे ती दहा आज्ञांत मोजते. प्रथम तीन-तीन बिटांच्या गटातील एकांची संख्या काढावयाची, मग शेजारचे दोन गट मिळवून सहा-सहा बिटांचे गट करावयाचे, आणि शेवटी संपूर्ण संख्येस ६३ ने भागून बाकी घ्यावयाची. दशमान पद्धतीत ९ ने भागून जशी अंकांच्या बेरजेची कसोटी पाहतात, तोच न्याय ६४ पायाच्या पद्धतीत ६३ ला लागू पडतो. नोंदीत पुढे स्पष्ट म्हटले आहे की, स्थिरांक वाढवून ही रीत ६२ बिटांच्या शब्दापर्यंतच चालेल. हे एक वाक्य अत्यंत मोलाचे आहे. ६४ बिटांच्या शब्दात सर्व बिट 'एक' असतील तर ६४ ला ६३ ने भागता बाकी १ उरेल, आणि यंत्र तक्रार न करता १ हेच उत्तर देईल. पुढे ही रीत ३२ बिटांच्या यंत्रांसाठी 'सी' भाषेत उतरविली गेली व 'हॅकमेम १६९' याच नावाने फिरली. नाव टिकले, परंतु मूळ दहा आज्ञा ज्या यंत्राच्या होत्या ते यंत्र गेले, आणि मर्यादेचे वाक्य आज्ञांचा भाग नसल्यामुळे त्यांच्याबरोबर प्रवास करण्यास बांधलेले नव्हते. बिट मोजण्याच्या अशाच एका रीतीचे, 'आडव्या बेरजे'चे, वर्णन केंब्रिजच्या उपर्युक्त ग्रंथाच्या १९५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत डी. बी. गिलीज व जे. सी. पी. मिलर यांच्या नावे आलेले आहे, हेही येथे नोंदविले पाहिजे. हॅकमेमच्या संपादकांचा संशय अगदीच निराधार नव्हता.

कर्तृत्वाचा प्रश्न ज्या टिपणात सर्वांत तीव्र झाला ते याहून अलीकडचे आहे. 'क्वेक थ्री अरिना' हा संगणकीय खेळ डिसेंबर १९९९ मध्ये बाजारात आला आणि त्याची मूळ संहिता २००५ मध्ये सार्वजनिक परवान्याखाली खुली करण्यात आली. तीत दिलेल्या संख्येच्या वर्गमूळाचा व्यस्त काढणारे काही ओळींचे एक टिपण आहे. पृष्ठभागांवरील प्रकाश दाखविण्यासाठी हे गणित खेळात क्षणोक्षणी करावे लागते, आणि भागाकार व वर्गमूळ ही त्या काळच्या यंत्रांस खर्चाची कामे होती. टिपणात दोन्ही टाळली आहेत. अपूर्णांकी संख्या स्मृतीत ज्या बिटांनी साठविली जाते तेच बिट पूर्णांक समजून वाचावयाचे, ते एक घर उजवीकडे सरकवावयाचे, आणि आलेली संख्या १,५९,७४,६३,००७ या स्थिरांकातून वजा करावयाची. मग बाकीचे बिट पुन्हा अपूर्णांक म्हणून वाचावयाचे. प्रथमदर्शनी हा जादूटोणा वाटतो. वस्तुत: अपूर्णांकाचे बिट पूर्णांक म्हणून वाचले असता त्या संख्येचे स्थूल लॉगॅरिथम हाती येते. एक घर सरकविणे म्हणजे त्याची निमपट करणे, वजा करणे म्हणजे चिन्ह पालटणे, आणि निम्मे ऋण लॉगॅरिथम हेच वर्गमूळाच्या व्यस्ताचे लॉगॅरिथम होय. ४ ही संख्या दिली असता या कृतीने ०.४८३१ मिळतात, खरे उत्तर ०.५ आहे. त्यानंतर न्यूटनच्या रीतीने एकदा दुरुस्ती केली की ०.४९९२ येतात. कोणत्याही संख्येसाठी ही अंतिम चूक सुमारे ०.१७५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि खेळातील प्रकाशास तेवढी अचूकता पुरते.

या ओळींशेजारचे भाष्य पाहण्यासारखे आहे. बिटांच्या उलथापालथीस एके ठिकाणी 'दुष्ट' म्हटले आहे. स्थिरांकाच्या ओळीपुढे केवळ एक असभ्य उद्गार व प्रश्नचिन्ह आहे. न्यूटनच्या दुरुस्तीची दुसरी फेरी लिहून ती भाष्यात रूपांतरित केली आहे, म्हणजे यंत्रापासून लपविली आहे, आणि ती काढून टाकली तरी चालेल असे म्हटले आहे. भाष्यकार हा कर्ता नसावा, असा तर्क या मजकुरावरूनच करता येतो. स्वत: स्थिरांक शोधणारा मनुष्य त्याच स्थिरांकापुढे अचंब्याचा उद्गार लिहीत नाही, तो वाचकाचा उद्गार आहे. संहितेत मूळ लेखक आणि त्याचा चकित झालेला वाचक यांचे दोन थर असे एकमेकांवर बसलेले आहेत. पाठचिकित्सकास हे परिचयाचे दृश्य असले तरी सामान्य वाचकाने दोन्ही थर एकाच व्यक्तीचे मानले, आणि ती व्यक्ती म्हणजे खेळाचा प्रमुख आज्ञावलीकार जॉन कारमॅक, असे वर्षानुवर्षे समजले गेले. प्रसिद्ध कृतीस प्रसिद्ध कर्ता चिकटतो, हा सर्व वाङ्मयांचा अनुभव आहे.

संशोधनाचे दोन प्रयत्न झाले आणि त्यांच्या दिशा भिन्न होत्या. ख्रिस लोमोंट यांनी २००३ मध्ये स्थिरांकाचेच गणित तपासले. सिद्धांताने त्यांनी एक निराळी संख्या काढली. पण न्यूटनच्या एका दुरुस्तीनंतर ती मूळ स्थिरांकाहून उणी भरली. तेव्हा प्रत्यक्ष चाचपणी करून त्यांनी १,५९,७४,६३,१७४ ही किंचित सरस संख्या शोधली. मूळ स्थिरांकाशी तिचे अंतर केवळ १६७ चे आहे. मूळ कर्त्याने एवढ्या जवळ कोणत्या मार्गाने गाठले, हे टिपणात कोठेही नाही. हेतूचा थर पूर्णपणे गळालेला आहे.

दुसरा प्रयत्न कर्त्याच्या शोधाचा होता. २००४ मध्ये रिस सॉमेफेल्ट यांनी संबंधितांस पत्रे लिहून माग काढण्यास आरंभ केला. कारमॅक यांनी कर्तृत्व नाकारले व टेर्ये मॅथिसन यांचे नाव सुचविले. मॅथिसन यांनी आपण असेच काही एका रसायनविषयक गणनेसाठी लिहिले होते, परंतु हे टिपण आपले नव्हे, असे सांगितले. पुढे गॅरी टॅरोली यांच्याकडे विचारणा झाली; टिपण पूर्वी आपल्या हाताखालून गेले आहे, स्थिरांकात कदाचित थोडी फेरफारही केली असेल, पण मूळ रचना आपली नाही, हे त्यांचे उत्तर होते. अखेरीस माग आर्डेन्ट कॉम्प्युटर या कंपनीत १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात काम करणाऱ्या ग्रेग वॉल्श यांच्यापाशी पोहोचला. त्यांनी हे टिपण रचल्याचे मान्य केले आणि कल्पनेचे श्रेय त्याच कंपनीतील सहकारी, 'मॅटलॅब'चे निर्माते क्लीव्ह मोलर यांस दिले. मोलर यांच्यामागे विल्यम कहान व के. सी. एन्ग यांचे मे १९८६ चे वर्गमूळविषयक लेखन उभे आहे. बिट पूर्णांक म्हणून वाचून पहिला अंदाज घेण्याची युक्ती त्यात सांगितलेली असून, पुढे ते लेखन गणिती आज्ञावलींच्या एका सार्वजनिक संग्रहात लांब भाष्याच्या रूपाने, नावे व महिना यांसह, समाविष्ट झाले. तेवढ्या एकाच दुव्यास लेखी तारीख आहे. उरलेली सर्व परंपरा स्मरणावर उभी आहे, आणि तीही संबंधित मंडळी हयात असताना कोणी विचारले म्हणून मिळाली. ज्यांविषयी कोणीच विचारले नाही अशी टिपणे किती असतील याचा विचार विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

याहून अलीकडील कालखंडात परिस्थिती पालटते. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रश्नोत्तरसंग्रहात प्रत्येक टिपणास कर्ता, दिनांक व परवाना आपोआप जोडला जातो. एसीएमच्या मासिकाची सूचना जणू यंत्रानेच अंमलात आणली. तथापि नक्कल करणारा जे उचलतो ते केवळ आज्ञांचे. सेबास्टियन बाल्टेस व स्टेफान डील यांनी या संग्रहातून जावा भाषेतील टिपणे कोठे कोठे गेली याचा अभ्यास केला. ज्या सार्वजनिक संहितांत ती सापडली त्यांपैकी फार तर १.८ टक्के संहितांनी परवान्याशी सुसंगत असा वापर केला होता, असा त्यांचा अंदाज आहे. सर्वाधिक नकला झालेले टिपण २०१० सालचे निघाले. बाइटांची संख्या माणसास वाचण्याजोग्या रूपात, म्हणजे किलोबाइट, मेगाबाइट अशा एककांत, मांडण्याची ती रीत होती. त्यात एक दोष होता. ९,९९,९९९ बाइट दिले असता १.० मेगाबाइट असे छापण्याऐवजी ते १०००.० किलोबाइट असे छापी. २०१९ मध्ये कर्त्यानेच हा दोष जाहीर केला व मूळ ठिकाणी दुरुस्तही केला. पण नकलांवर मूळ ठिकाणाचा निर्देश नसल्यामुळे दुरुस्तीस त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट नव्हती. श्रेयनिर्देश हा केवळ सौजन्याचा भाग मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे. निर्देश हा दुरुस्तीचा रस्ताही असतो.

२०२१ च्या जून महिन्यात 'गिटहब कोपायलट' हे आज्ञा सुचविणारे यंत्र चाचणीसाठी खुले झाले. ते कोट्यवधी ओळींच्या सार्वजनिक संहितांवर शिकविलेले होते. काही दिवसांतच एका आज्ञावलीकाराने दाखवून दिले की, वर्गमूळाच्या व्यस्ताचे पहिले शब्द लिहिताच ते यंत्र क्वेकमधील टिपण ओळीमागून ओळ उतरविते: तोच स्थिरांक, तोच असभ्य उद्गार, आणि लपविलेली दुसरी फेरीही. नंतर परवान्याचा मजकूर मागता यंत्राने भलत्याच व्यक्तीचे नाव व भलताच परवाना लिहून दिला. याचे कारण मूळ फाइलीच्या रचनेत शोधता येते. तेथे मालकीचा व सार्वजनिक परवान्याचा मजकूर फाइलीच्या शिरोभागी आहे, आणि हे टिपण त्याच्या शेकडो ओळी खाली. नकला करणाऱ्यांनी टिपण तेवढे कापून नेले, त्यामुळे असंख्य प्रतींत उद्गार आज्ञांना चिकटून राहिला आणि परवाना मागे पडला. वॉल्श यांचे नाव तर त्या फाइलीत मुळातच नव्हते.